मराठी ई-मेलची अक्षरं का बिघडतात आणि बिघाड नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं

मराठी मेल उघडला आणि अक्षरांच्या जागी कचरा दिसला की उत्तर ठरलेलं असतं: "परत पाठवा." परत आलेला मेलही बहुतेक वेळा तसाच असतो, कारण ज्या टप्प्यावर तो बिघडला तो टप्पा बदललेलाच नसतो. त्याऐवजी आधी एकच गोष्ट ठरवावी. मजकूर आतून शाबूत आहे आणि फक्त चुकीचा वाचला जातोय, की वाटेत खरोखरच हरवलाय? शाबूत असेल तर वाचणाऱ्याला तो स्वतःच नीट करता येतो. हरवला असेल तर आपल्याकडची कितीही सेटिंग्ज फिरवली तरी काही हाती लागत नाही. आणि यातलं काय झालंय ते कचऱ्याच्या रूपावरूनच बहुधा कळतं.

त्यासाठी मराठी अक्षर मेलमधून कसं जातं हे थोडं माहीत हवं. ई-मेल पोचवण्याचा मूळ करार १९८२ सालचा. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं धरली होती. बाकी भाषांची आणि अटॅचमेंटची सोय १९९२ मध्ये 'माइम' नावाच्या जोडनियमांनी झाली. मूळ रस्ता तोच ठेवला आणि त्यावरून काहीही नेता यावं म्हणून मजकूर इंग्रजी अक्षरांत बांधून पाठवायची पद्धत आली. आजही बहुतेक मराठी मेल असाच बांधून जातो.

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांची एक सामाईक यादी, आणि यूटीएफ-८ म्हणजे ती चिन्हं बाइटांत, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एककांत, लिहायची पद्धत. युनिकोडमधलं प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. 'नमस्कार' घ्या. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. हे बाइट बांधायचे दोन प्रकार आहेत. 'बेस-६४' मध्ये दर ३ बाइटची ४ इंग्रजी अक्षरं होतात, म्हणून 'नमस्कार' २८ अक्षरांत मावतो. 'कोटेड-प्रिंटेबल' मध्ये एकेका बाइटसाठी बरोबरचं चिन्ह (=) आणि त्यापुढे दोन अक्षरं लिहावी लागतात, म्हणून तोच शब्द ६३ अक्षरं खातो. दुसरी पद्धत इंग्रजीसाठी सोयीची, कारण साधी इंग्रजी अक्षरं तिच्यात जशीच्या तशी राहतात. मराठीसाठी ती उधळपट्टी आहे. पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निवड असेल तर बेस-६४ घ्यावी.

बांधलेला मजकूर सोडवायला मेलच्या डोक्यावरच्या ओळींत दोन सूचना असतात. 'कन्टेन्ट-टाइप' या ओळीतला 'चारसेट' सांगतो की बाइट कोणत्या लिपीसंचाचे आहेत, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर मानायचा. 'कन्टेन्ट-ट्रान्सफर-एन्कोडिंग' सांगते की ते कसे बांधले आहेत. बहुतेक बिघाड यातली एखादी सूचना गळाल्यामुळे किंवा खोटी असल्यामुळे होतात. अक्षरं बिचारी जागेवरच असतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे मूळ मेल पाहणं. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' घ्या. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू दाबा. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'प्रॉपर्टीज' इथे फक्त डोक्यावरच्या ओळी दिसतात, खालचा बांधलेला मजकूर दिसत नाही. पण वरच्या दोन सूचना वाचायला तेवढं पुरतं. मोबाइलच्या ॲपवर ही सोय सहसा नसते, तेव्हा तपासणीसाठी संगणकावर बसलेलं बरं.

कचऱ्याचे प्रकार

सगळ्यात नेहमीचा प्रकार असा दिसतो: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी लहान ए, त्याला लागून ¤ किंवा ¥, मग आणखी एखादं चिन्ह, आणि हाच तिघांचा घोळका ओळभर. इथे यूटीएफ-८ चा मजकूर कुणीतरी पश्चिम युरोपीय संच म्हणून, म्हणजे विंडोज-१२५२ म्हणून वाचलाय. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो; त्या संचात तोच रेघवाला ए आहे. दुसरा बाइट दोनपैकी एक. सगळी व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी ¤ च्या घरात येतात. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आणि मराठी अंक ¥ च्या घरात येतात. म्हणून ¤ बरेच आणि मधूनमधून ¥ असं दिसलं, की तो मराठी किंवा हिंदी मजकूर आहे आणि बहुतांशी शाबूत आहे असं खुशाल समजावं.

थंडरबर्डमध्ये 'व्ह्यू' मेनूतलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबलं की बहुतेक वेळा काम होतं. जुन्या आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून 'ॲक्शन्स', 'अदर ॲक्शन्स', 'एन्कोडिंग' इथून यूटीएफ-८ निवडा. फक्त मजकूरच हाती असेल, समजा कुणी वर्डमध्ये चिकटवून दिलाय, तर नोटपॅड++ या मजकूर-संपादकात तो नव्या फाइलमध्ये टाका. 'एन्कोडिंग' मेनूतून आधी 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' करा आणि मग त्याच मेनूतलं साधं 'यूटीएफ-८' निवडा. इथे 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' दाबायचं नाही. कन्व्हर्टने बाइट बदलतात, साध्याने फक्त वाचायची पद्धत बदलते. एएनएसआय म्हणजे विंडोजचा मूळ संच; तो पश्चिम युरोपीय असेल तरच ही कृती चालते. भारतातल्या बहुतेक संगणकांवर तो तसाच असतो.

दुरुस्तीनंतरही काही ठिकाणी �, म्हणजे 'हा बाइट वाचता आला नाही' अशी खूण, उरतो, आणि तो वाटेल तिथे उरत नाही. विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत. मराठीत त्या जागांवर नेमके हलन्त, ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांचे शेवटचे बाइट येतात (¤ आणि ¥ अशी दोन घरं असल्यामुळे एका जागेवर दोन चिन्हंही पडतात). काही सॉफ्टवेअरं रिकामी जागा तशीच पुढे पाठवतात, काही तिथे प्रश्नचिन्ह घालतात. मग 'नमस्कार' दुरुस्त होऊन 'नमस�?कार' असा परत येतो. 'ठ' आणि 'भ' यांचं दुखणं आणखी वेगळं. 'ठ' चा शेवटचा बाइट त्या संचात न तुटणारी मोकळी जागा असतो, आणि कॉपी-पेस्ट करताना तिची साधी मोकळी जागा होते. 'भ' चा शेवटचा बाइट म्हणजे अदृश्य संयोगरेषा, ती सरळ गळून पडते. म्हणजे दुरुस्त मजकुरात जोडाक्षरं फुटलेली आणि 'ठ', 'भ', 'झ' गायब असतील, तर कचरा पडद्यावरून कॉपी केला गेलाय. मूळ मेलची फाइल मागवली तर ही अक्षरंही परत मिळतात.

कचऱ्यात रेघवाल्या लहान ए ऐवजी डोक्यावर नागमोडी रेघ असलेला मोठा ए सारखा दिसत असेल, तर तोच घोळ दोनदा झालाय. बिघडलेला मेल कुणीतरी तसाच फॉरवर्ड केला आणि सॉफ्टवेअरने तो कचरा हाच खरा मजकूर मानून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये बांधला. वरची नोटपॅड++ ची कृती ओळीने दोनदा करावी लागते. मात्र प्रत्येक फेरीत काही अक्षरं गळतात, म्हणून बिघडलेला मेल साधा फॉरवर्ड करू नये. अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करावा. जीमेलमध्ये आणि आउटलुकमध्ये तशी वेगळी सोय आहे.

बरोबरच्या चिन्हांची रांग दिसते, =ई०=ए४=ए८ अशा धर्तीची (पडद्यावर अर्थात इंग्रजी अक्षरांत), तेव्हा कोटेड-प्रिंटेबल सोडवलंच गेलेलं नाही. =ई०=ए४=ए८ म्हणजे 'न'. ओळीच्या शेवटी एकटं = दिसलं तर ती ओळ पुढच्या ओळीला जोडायची खूण असते. इंग्रजी मेलमध्ये हाच बिघाड दुव्यांमध्ये जागोजागी =३डी घुसलेलं दिसतं त्यावरून ओळखू येतो, कारण बरोबरचं चिन्हही असंच लिहावं लागतं. बेस-६४ सोडवलं गेलं नाही तर पडद्यावर मोकळी जागा नसलेली लांबच लांब ठोकळ्यासारखी अक्षरं येतात. मराठी मजकुराचा असा ठोकळा जवळजवळ नेहमी 'चार, के, एस' किंवा 'चार, के, डब्ल्यू' याने सुरू होतो. एवढं ध्यानात राहिलं तरी ठोकळा व्हायरस नसून नुसतं पत्र आहे हे कळतं.

हे दोन्ही प्रकार पूर्ण सुटतात. साध्या मजकूर-संपादकात नवी फाइल उघडा. पहिल्या ओळीत 'माइम-व्हर्जन' १.० लिहा. दुसरीत 'कन्टेन्ट-टाइप' साधा मजकूर आणि चारसेट यूटीएफ-८, तिसरीत 'कन्टेन्ट-ट्रान्सफर-एन्कोडिंग' कोटेड-प्रिंटेबल किंवा बेस-६४, जे असेल ते. एखाद्या नीट आलेल्या मेलच्या मूळ रूपातून या ओळी उचलल्या तर स्पेलिंगची चूक होत नाही. मग एक ओळ पूर्ण रिकामी सोडा, खाली कचरा चिकटवा आणि नावाच्या शेवटी ईएमएल जोडून साठवा. थंडरबर्डमध्ये उघडलं की पत्र वाचता येतं.

ती रिकामी ओळ फार महत्त्वाची आहे. मेलमध्ये पहिली रिकामी ओळ आली की डोकं संपलं आणि मजकूर सुरू झाला असं धरतात. संस्थांच्या वेबसाइटवरून आपोआप जाणाऱ्या मेलमध्ये कोडमधून एक ओळ जास्तीची सुटते, मग 'कन्टेन्ट-टाइप' वगैरे सूचना मजकुरातच छापून येतात आणि त्याखाली न सोडवलेला ठोकळा. पत्राच्या सुरुवातीलाच अशा सूचना दिसल्या तर दोष पाठवणाऱ्या स्क्रिप्टचा आहे हे नक्की.

आता आतून हरवलेले. ओळभर ??? ??? दिसतात आणि मूळ मेलमध्येही प्रश्नचिन्हंच आहेत, तर मजकूर पाठवतानाच गेला. पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने तो फक्त इंग्रजी सामावणाऱ्या संचात कोंबला आणि जे बसलं नाही तिथे ? घातलं. ते परत आणता येत नाही. आउटलुकवाल्याला 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड', 'इंटरनॅशनल ऑप्शन्स' इथे जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ निवडायला सांगा. डेटाबेसमधून मेल जात असेल तर तिथला संच तपासायला सांगा. ओळभर ��� असेल तर आधी मूळ पाहा. मूळ शाबूत असेल तर चिंता नाही. मुळातही � च साठवलेलं असेल तर मामला संपला.

हे सगळं युनिकोडबद्दल झालं. महाराष्ट्रात एक जुना प्रकार अजून भेटतो, विशेषतः छापखान्यांतून आणि जुन्या कार्यालयीन फाइलींतून: मजकूर कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तिथे आत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांनाच मराठी चेहरे चढवलेले असतात. फॉन्ट नसला की चेहरा उतरतो आणि इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम यांची खिचडी दिसते. ओळख सोपी आहे: ¤ आणि ¥ ची ठरावीक लय नसते आणि साधी इंग्रजी अक्षरं भरपूर असतात. इथे चारसेट बदलून काही होत नाही. त्या-त्या फॉन्टसाठीचा युनिकोड परिवर्तक वापरावा लागतो. फॉन्टचं नाव आधी विचारून घ्यावं, कारण एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. परिवर्तनानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच जास्त राहतात.

आणि नुसते चौकोन दिसत असतील तर मेलला दोष देऊ नका. तुमच्या यंत्रावरच्या फॉन्टमध्ये ते चिन्ह नाही, एवढंच. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, रुपयाचं ₹ २०१० साली. जुन्या फॉन्टवर याच दोघांचे चौकोन होतात आणि बाकी सगळं नीट दिसतं. 'वाऱ्यावर' मधला 'ऱ्य' अधूनमधून रफार होऊन येतो, तेव्हा तो साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा पद्धतीने टाइप केलेला असतो आणि वाटेतल्या कुणीतरी ते अदृश्य चिन्ह झाडून टाकलेलं असतं. नुक्ता असलेला 'ऱ' थेट टाइप केला तर असं होत नाही.

विषयाची ओळ

मजकूर स्वच्छ आणि विषयात मात्र मधेमधे �, असं होतं कारण विषयाची ओळ वेगळ्या नियमाने बांधतात. एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त ७५ अक्षरं. त्यातली १२ वेष्टनात जातात, म्हणजे बेस-६४ मध्ये फार तर १५ देवनागरी चिन्हं एका तुकड्यात बसतात. लांब विषयाचे अनेक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात अक्षरं पूर्ण असली पाहिजेत असा नियम आहे. गचाळ सॉफ्टवेअर ३ बाइटच्या अक्षराला मधेच कापतं आणि ठरावीक अंतरावर � उमटतं. तात्पुरता उपाय म्हणजे विषय १५ चिन्हांच्या आत ठेवणं. 'सभेची सूचना' बसतं, 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना' बसत नाही. अटॅचमेंटच्या नावांचंही असंच होतं, म्हणून फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत ठेवलेलं उत्तम.

ओळी तुटणं आणि जुळणं

अक्षरं ठीक आहेत, पण एक लांब ओळ, खाली एकदोन शब्द, पुन्हा लांब ओळ, पुन्हा एकदोन शब्द, अशी कंगव्यासारखी रचना. साध्या मजकुराच्या मेलमध्ये ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे, म्हणून पाठवणारं सॉफ्टवेअर ७५-७८ च्या आसपास ओळ कायमची तोडतं. उत्तर देताना प्रत्येक ओळीपुढे > आणि मोकळी जागा येते. ओळ मर्यादेबाहेर जाते आणि शेवटचे शब्द खाली घसरतात. चौथ्या-पाचव्या उत्तरापर्यंत वाचणं अशक्य होतं. उत्तर देताना लागेल तेवढाच उतारा ठेवून बाकी कापणं हा खरा उपाय आहे.

यावर 'फॉरमॅट-फ्लोड' नावाची सोय आहे. तिच्यात ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडली की ती ओळ पुढच्या ओळीला जोडायची असं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला समजतं. कवितेची मात्र इथेच वाट लागते. वेबपानावरून उचललेल्या कवितेच्या ओळींच्या शेवटी नकळत मोकळ्या जागा आलेल्या असतात आणि चार चरणांचा एक परिच्छेद होतो. पाठवण्याआधी शेवटच्या जागा पुसून टाका. आउटलुकचा आणखी एक उपद्व्याप असा की तो साध्या मेलमधल्या 'जास्तीच्या' ओळी स्वतःहून काढतो. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'मेल' इथे तळाशी 'रिमूव्ह एक्स्ट्रा लाइन ब्रेक्स' ची खूण काढली की अभंग अभंगासारखा दिसतो.

याउलट ओळ फार लांब झाली तरी अडचण. एका ओळीत ९९८ बाइटांपेक्षा जास्त नको असा कडक नियम आहे. मजकूर न बांधता पाठवला तर मराठीत ही मर्यादा ३३२ चिन्हांवर, म्हणजे मोकळ्या जागा धरून पन्नास-साठ शब्दांच्या परिच्छेदातच संपते. काही सर्व्हर अशी ओळ स्वतः कापतात, काही कापलेल्या जागी उद्गारचिन्ह घालतात. मराठीत कात्री अक्षराच्या पोटात बसू शकते. लांब परिच्छेदाच्या मध्यावर विनाकारण ! आणि त्याच्या आजूबाजूला � दिसलं की कारण हेच. पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बेस-६४ लावलं की प्रश्न मिटतो.

रंग, तक्ते आणि शेपट्या

सजवलेला मेल साधारणपणे दोन प्रतींत जातो, एक साधी आणि एक सजवलेली. अनेकांना एकदम मेल पोचवणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा साधीच प्रत पुढे पाठवतं. मग 'लाल अक्षरांतले बदल पाहा' या वाक्याला अर्थ राहत नाही. मोकळ्या जागा टाकून जुळवलेला तक्ता तर मराठीत कधीच जुळत नाही, कारण जोडाक्षरांची रुंदी सारखी नसते. तक्ता अटॅचमेंटमध्येच द्यावा. वर्डमधून चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबा, म्हणजे सोबतची लपलेली सजावट येत नाही. ती इतकी जड असते की साधं पत्रही मोठं होतं, आणि जीमेल १०२ केबीच्या पुढचा मजकूर झाकून ठेवतं. 'विनमेल' नावाची डॅट फाइल येत असेल तर पाठवणाऱ्याने आउटलुकमध्ये 'रिच टेक्स्ट' निवडलंय. त्याला 'एचटीएमएल' किंवा साधा मजकूर निवडायला सांगा.

समूहाच्या मेलखाली आपोआप जोडली जाणारी शेपटी कधीकधी अटॅचमेंट होऊन येते, किंवा पत्राचा फक्त शेवट बिघडलेला असतो. बेस-६४ मध्ये बांधलेल्या मजकुराखाली जुनं सॉफ्टवेअर न बांधलेली ओळ चिकटवतं, म्हणून असं होतं. सदस्यांनी यात काही करण्यासारखं नाही. व्यवस्थापकाने शेपटी बंद करावी.

सीएसव्ही (साध्या मजकुरात साठवलेल्या तक्त्याची) फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर ¤ ची रांग दिसली तर मेल निर्दोष आहे. दोनदा क्लिक न करता 'डेटा' मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइलचा उगम म्हणून ६५००१, यूटीएफ-८ निवडा.

नवीन व्यवस्था लावताना दोन-तीन वेगवेगळ्या सेवांच्या पत्त्यांवर हे वाक्य पाठवून पाहा: "ऐन वाऱ्यात झाडाखाली एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर भाकरी भाजून ₹२० ला विकली." बिघडणारी जवळजवळ सगळी अक्षरं यात आहेत. 'ठोकळ्या' आणि 'भाकरी' फुटली तर मधे कुठेतरी मजकूर दुसऱ्या संचातून फिरून आलाय. फक्त ॲ आणि ₹ चे चौकोन झाले तर फॉन्ट जुना. 'वाऱ्यात' वर रफार चढला तर कीबोर्ड तपासा. विषयाच्या ओळीतही हेच वाक्य घाला. आणि मदत मागायची झाली तर पडद्याचा फोटो पाठवू नका, मूळ मेल ईएमएल फाइल म्हणून जोडा. फोटोत डोक्यावरच्या त्या दोन ओळी नसतात.